उलट्या पिळाचा दोर

मी डावखुरी. जेवते उजव्या हातानं, कारण लहानपणी आईनं डाव्या हातावर उलथन्याचे चटके दिले. पण दोर वळायला बसले की डावाच हात पुढं येतो. त्याला मी काय करू? तोडून टाकू?

माझ्या सासूबाई कस्तुराबाई. आत्याबाई म्हणायची मी त्यांना. त्यांना माझं हे वळणं बघवायचं न्हाई. "उलट्या पिळाचा दोर घरात नको, अवदसा येती," म्हणायच्या. त्यांनी वळलेला दोर विहिरीवर आन् माझा वासराच्या गळ्यात. अंबाडी एकच, तिच्या सालीचा वाख एकच. त्यांचा पीळ उजवीकडं, माझा डावीकडं, एवढाच काय तो गुन्हा.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट हाय. राणीसावरगावच्या अंगाला आमचं गाव. मालक खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलेले, आन् घरात आमी दोघी एकमेकीचं तोंड बघत. त्या दिवशी सकाळी मी दारात ढेरा फिरवत बसले होते. ढेरा म्हंजी काय, दोन काड्यांची फुली आन् मधी एक टोकदार दांडी. ती फिरवली की वाखाला पीळ बसतो. आत्याबाई आल्या, ढेरा माझ्या हातातून हिसकला आन् आपल्या कमरेला खोचला.

"सकाळच्या पारी डाव्या हातानं काय वळायलीस? गोठा आवर आन् विहिरीवर ये."

मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला आन् शेणाची पाटी उचलली.

विहिरीत पाणी असं न्हवतंच. तळाच्या खडकात जराशी खोबण होती. तिच्यात झिरपायचं, ते वाटीनं घागरीत भरायचं. पायऱ्या न्हाईत, म्हणून माणूस कमरेला दोर बांधून उतरायचा. आत्याबाई स्वतःच उतरायच्या. "वढायला जोर लागतो, तो तुझ्यात हाय. उतरायला हलकं माणूस लागतं, ते मी हाय." त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप न्हवती.

मी पोचले तवर शेजारच्या सटवाजीमामांनी त्यांना खाली सोडलं होतं आन् भरलेली घागर वर काढून ठेवली होती. आता आत्याबाईंनाच वर घ्यायचं होतं. विहिरीच्या तोंडावरल्या आडव्या लाकडावरून दोर वढत आमी त्यांना निम्म्यापर्यंत आणलं. मामा म्हातारे माणूस. त्यांनी दोराला काठावरच्या बाभळीच्या बुंध्याभवती येढा दिला आन् म्हणाले, "जरा दम खाऊ दे, पोरी."

मी सहज आत वाकून बघितलं.

आत्याबाईंच्या डोक्याच्या जरा वर दोराला गाठ होती. गाठीच्या वरचा दोर त्यांचा, खालचा माझा. वासराच्या गळ्यातला! पाणी खाली गेलं, दोर पुरंना, म्हणून बाईनं गुपचूप माझा दोर जोडला होता. मला सांगायला जीभ रेटली नसंल. आन् ती गाठ गरगर फिरायली होती.

माझा बाप म्हणायचा, "उजव्या पिळाला डावा पीळ कधी जोडू नये. सासू-सुनेची जोड ती, वजन पडलं की एकमेकीला उकलत्यात." तसंच झालतं. गाठ फिरंल तसे वरचे पेड बी सुटायले होते आन् खालचे बी. खाली नुसता खडक.

खोटं कशाला बोलू, त्या पडतील याचं भ्या वाटलं, आन् त्याच्या जोडीनं दुसरं बी वाटलं. त्या पडल्या तर उद्या अख्खं गाव म्हणंल, सुनेच्या डाव्या हातानं सासू खाल्ली. नवरा जन्मात तोंड बघणार न्हाई. तो जोड मी दिला न्हाई, हे कुणाला खरं वाटंल?

"वढू का?" मामा म्हणाले.

"न्हाई! झटका बसला तर तुटंल."

"मग खाली सोडू?"

"खाली सोडलं तरी फिरतच राहील. तसंच धरून ठिवा, मामा, तुमच्या पाया पडते." मग मी आत ओरडले, "आत्याबाई, वर बघा! गाठ फिरायलीय. तुमच्या कमरेला ढेरा हाय ना? त्याची दांडी गाठीत खुपसा!"

"तू मला शिकवायलीस? वढ आधी!"

तेवढ्यात कट्कन एक पेड तुटला.

मग खालून आवाज आला, एवढ्या वर्सांत कधी ऐकला न्हवता एवढा बारीक. "सगुणा, काय करू गं?"

"पाय भिंतीला टेकवा, म्हंजी तुमी फिरणार न्हाईत. उजव्या हातानं दोर घट्ट धरा, अजाबात सोडू नका. दांडी डाव्या हातानं खुपसा."

"डाव्या हातानं न्हाई जमत गं मला."

"जमवा!" मी किंचाळले. सासूवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच येळ.

त्यांनी ढेरा काढला. एकदा तो निसटता निसटता राहिला, आन् मी डोळे गच्च मिटले. उघडले तवा दांडी गाठीतून आरपार गेली होती. गाठ थांबली होती.

"आता जिकडं फिरत होती त्याच्या उलटं दाबून धरा. मामा, वढा. हळू वढा, देवाशपथ हळू!"

आमी वढायलो. आत्याबाई भिंतीवर एक एक पाय टाकत वर यायल्या. दोर लाकडावर करकरला की मी जरा थांबायची, मग परत वढायची. शेवटी त्यांचं मनगट माझ्या हातात आलं. मामांनी काखेत हात घातला आन् आमी तिघं बी घागरीवर जाऊन पडलो. घागर लवंडली, सगळं पाणी मातीत गेलं. कुणी तिच्याकडं बघितलं सुदिक न्हाई.

आत्याबाई बसल्या होत्या, पण डाव्या मुठीतला ढेरा सुटंना. त्यांनाच मूठ उघडता येईना. मी एक एक बोट धरून उकललं आन् मला रडू फुटलं.

"रडायलीस कशाला? मेले का मी?" त्या खेकसल्या. मग त्यांनी तुटका पेड हातात घेतला. आन् हळूच म्हणाल्या, "लटकले होते ना, तवा मरणाचं एवढं भ्या न्हवतं वाटत, सगुणा."

"मग कशाचं?"

"मी पडले असते तर गावानं तुला धरलं असतं. आन् गाठ मी मारली, हे सांगायला मी कुठं उरले असते?"