भिंतीपुढची निळी चादर

मी एक जुनी निळी चादर आहे. धैर्यशील फौजेतून पेन्शनीवर कडेगावला परतला, त्या वर्षी मी त्याच्या ट्रंकेतून या घरात आले. मित्रांनो, मी साधी फौजी कँटीनमधली चादर. अंगावर फूल नाही की वेलबुट्टी नाही. पहिली काही वर्षं पाहुण्यांच्या अंथरुणावर माझा मान होता. पुढे विरले, तशी गव्हाच्या वाळवणाखाली गेले.

धैर्यशीलची मुलगी सृष्टी. तिची आजी अंजना हिला अक्षरओळख नव्हती. सृष्टीने तिला सोप्यातल्या भिंतीवर कोळशाने लिहायला शिकवलं. भिंत वाकड्यातिकड्या अक्षरांनी भरून गेली.

"तुजं नाव ठिवताना मला इचारलं असतं, तर बनी ठिवलं असतं," नातीचं नाव गिरवताना आजी म्हणायची. "ह्या सृष्टीनं हात मोडला माजा!"

बारावीनंतर सृष्टीला लांबच्या एका कॉलेजाची ओढ लागली. तिथे निवड झाली, तर शिकण्या-राहण्याचा सगळा भार कॉलेजच उचलणार होतं. प्रत्यक्ष जाणं जमेना. मग तिने मोबाइलवर त्यांची प्रत्येक सभा ऐकली, प्रश्न विचारले, पत्रं पाठवली. आपली ओढ लांबूनच दाखवायची होती. शेवटी मोबाइलवरच मुलाखत ठरली. रेंज मात्र त्या भिंतीपाशीच यायची.

"ह्या कोळशाच्या रेघोट्या बघून हसतील ती लोकं," म्हणत सृष्टीने मला बाहेर काढलं. भिंतीला खिळा एकच होता, त्यात माझं एक टोक अडकवलं. दुसरं टोक आजीने धरलं.

"आजी, खोकायचं न्हाई हं."

"न्हाई गं बाई. श्वास बी हळू घेते."

मुलाखत चांगली चालली होती. मग मॅडमनी विचारलं, "तू दुसऱ्या कुणासाठी काही केलं आहेस का?"

सृष्टी म्हणाली, "नाही, मॅडम."

माझ्या टोकाला हिसका बसला. आजीचे ओठ हलले. पण तिने गप्प राहायचं कबूल केलं होतं. मागे भिंतभर उत्तर होतं आणि आड मी होते.

मोबाइल बंद होताच आजी कडाडली, "आगं, मी काय मेले हुते व्हय? माजं नाव का न्हाई घेतलंस?"

"घरच्या माणसाला शिकवलं, ते काय सांगायचं असतं व्हय, आजी?"

निवड झाली नाही. त्या एका आशेवर बसल्याने जवळच्या कॉलेजांचे प्रवेशही संपले. सृष्टी आता मावशीकडे राहून कुपवाडच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं कुणी काढलं, तर उठून आत जाते.

आजीचा खोकला हटला नाही. तिच्या तेराव्याला पाहुणे येणार म्हणून धैर्यशीलने भिंतीला चुना दिला. एकही अक्षर उरलं नाही.

मित्रांनो, चादरीला जपा. धुवा, उन्हात घाला, फाटली तर ठिगळ लावा. पण आपलं घर झाकायला तिला टांगू नका.

अंजना या वर्षी भोगीच्या पहाटे मिरजेच्या दवाखान्यात वारली. तिच्या अंगावर मीच होते.