एकमताने अध्यक्ष

घाटकोपरच्या पोलीस लाइनीत तळमजल्यावर एक ऐसपैस खोली होती, उपनगरातल्या ठाणेप्रमुखांच्या मंडळाची. मंडळच म्हणायचं; ब्याऐंशीच्या पोलिसांच्या संपानंतर संघटना हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. मंडळाचं कार्य थोर होतं: वर्षातून एकदा मनोरीची सहल, निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ आणि रविवारी त्या खोलीत रमीचा डाव. बाहेर जिन्यावर शिपायांची पोरं अभ्यास करायची. साहेबलोकांचे बूट आले की वह्या उचलायची.

धोंडिराम बनसोडेला हे बघवत नसे. तो स्वतः असल्याच एका जिन्यावर शिकून सीनियर इन्स्पेक्टर झाला होता. मी अध्यक्ष झालो तर ही खोली पोरांना अभ्यासाला, हे त्याने सगळ्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं.

अध्यक्षपद मंडळात ज्येष्ठतेने मिळायचं. यंदा मान होता मार्तंड सावंतांचा, मालवणकडच्या, रमीतल्या पट्टीच्या माणसाचा. बनसोडेने मध्येच नाव दिलं तेव्हा मावळते अध्यक्ष कुंडलिक राणे वैतागले. "बनसोडे, तू गप लायनीत उभा राहा ना रे! तुझी पण पाळी येईल."

"माझी येईल हो, राणेसाहेब. पोरांची परीक्षा तोवर थांबणार आहे का?"

शेवटी मत घ्यायचं ठरलं. सभेच्या दिवशी सगळे साध्या कपड्यांत, पण खुर्च्यांवर ज्येष्ठतेनेच बसले. नव्या अध्यक्षाच्या सत्काराला डीसीपीसाहेब येणार होते.

"बनसोडे ज्यांना हवे, त्यांनी उभं राहा," राणे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

चार-पाच जण उठले. तेवढ्यात दार उघडलं आणि डीसीपीसाहेब वेळेआधीच आत आले. झालं! अख्खी खोली ताडकन उभी. पोलिसाला साहेब दिसला की आधी पाय उठतात, डोकं मागाहून येतं. राण्यांनी चष्मा चढवून समोर पाहिलं आणि त्यांची पाठ दाराकडे असल्यामुळे त्यांना एकच अर्थ लागला.

"एकमताने!" त्यांनी टेबलावर थाप मारली.

साहेबांनी पुढे होऊन बनसोडेच्या गळ्यात हार घातला. आम्ही याच्यासाठी उठलोच नव्हतो, हे साहेबांसमोर सांगणार कोण? बनसोडेने गप्प राहायचं, की खोली पोरांची झाली. गप्प राहावं असं त्याला मनापासून वाटलंही. पण मंडळींचे पडलेले चेहरे त्याने पाहिले. असल्या अध्यक्षाचं कोण ऐकणार? उद्या हेच लोक खोलीला कुलूप लावतील.

त्याने हार काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, हे उठले ते तुमच्यासाठी. माझ्यासाठीचं मतदान अजून व्हायचंय." त्याने साऱ्यांना बसायला सांगितलं. साहेबही गंमत वाटून बसले. "आता उलटं करू. साहेब एकदा उठतील. ज्यांना मी हवा, त्यांनी बसून राहायचं."

"वाट लागली," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"बनसोडे, शिस्त बिघडवतोयस माझ्या माणसांची," साहेब म्हणाले. पण हसले आणि उठले.

खुर्च्या करकरल्या. राणे सवयीने उभे राहिले, आणखी काही जण उठले. काही जण अर्धवट उठून घुटमळले आणि हळूच खाली बसले. बनसोडेने नजर फिरवली. निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं घाम पुसत बसूनच होती, आणि पहिल्याच खुर्चीवर, तिचे दोन्ही हात घट्ट धरून, मार्तंड सावंत बसले होते.

"सावंतसाहेब, तुम्ही?"

"रमी काय, माझ्या घराक पण होतली रे," सावंत खालच्या आवाजात म्हणाले. "आधी पोरांका बसाक जागा होयी."

साहेब निघाल्यासारखे दारापाशी पोचले, थांबले आणि वळले. "काय सावंत, मला निरोप द्यायलाही उठणार नाही?"

सावंतांनी खुर्चीचे हात आणखी घट्ट धरले. अख्ख्या नोकरीत साहेबासमोर ते असे कधी बसले नव्हते.

"मोजून होऊ दे, साहेब. मग उठतो."