मालकिणीचं पत्र

रोगाची साथ सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. घरकामावरून काढलेल्या बायकांना आणि त्यांच्या शिकणाऱ्या मुलींना मदत द्यायला एका संस्थेकडे मोठं अनुदान आलं होतं. ते कोणाला द्यायचं, हे संस्थेच्या सचिवबाई ठरवत. बाई शिस्तीच्या. कोणीही येऊन हात धुऊन घेऊ नये, म्हणून त्यांनीच अट घातली होती : जिथे काम केलं, तिथल्या मालकिणीचं पत्र हवं.

"पत्र नाही. नामंजूर!" त्यांनी आणखी एक अर्ज बाजूला टाकला.

शिपाईकाका अर्ज लावता लावता थांबले. "बाई, ज्यांनी कामावरून काढलं, त्यांच्याच दारात पत्र मागायला जायचं? दार उघडणार कोण?"

"काका, नियम म्हणजे नियम. आपण काय घरोघर चौकशी करत फिरायचं?"

"फिरायचं की! पगार त्याचाच घेतो आपण. आणि आत्ता टाकलेल्या या अर्जावरचा फोटो जरा बघा. ही तुमचा डबा घेऊन यायची, म्हणून मी ओळखलं."

बाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. नऊ वर्षं त्यांच्याच घरी स्वयंपाक करणारी ती! साथ आली तशी बाईंनी तिला फोनवरच "उद्यापासून येऊ नकोस" म्हणून सांगितलं होतं. पुढे तिचे तीन फोन आले. पैसेच मागत असणार, म्हणून बाईंनी ते उचलले नव्हते.

त्याच दुपारी पत्र लिहून त्या तिच्या खोलीवर गेल्या. ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"पत्र आणलंय. चुकलं गं माझं."

"मुलीच्या फीसाठी हवं होतं, ताई. तीन महिन्यांपूर्वी. त्यासाठीच फोन करत होते. आता तिचं नाव काढलं शाळेतून. कपड्यांच्या कारखान्यात धागे कापते."

"परत घालू तिला. मी स्वतः येते शाळेत."

"तुम्ही याल हो. ती नाही म्हणते. वर्ग पुढे गेला, आता कोणत्या तोंडानं बसू, म्हणते." तिचा आवाज चढला नाही. "फोन उचलून नाही म्हणाला असतात, तरी चाललं असतं. दुसरीकडे हातपाय मारले असते. मी आपली तुमच्या भरवशावर बसून राहिले!"

पत्र तिच्या हातात देऊन बाई मागे फिरल्या. केवढंसं काम होतं! एक फोन उचलायचा होता!

दुसऱ्या दिवशी ती अट रद्द झाली. नामंजूर केलेले सगळे अर्ज घेऊन बाई स्वतः घरोघर फिरल्या. कित्येक मुलींची शाळा वाचली. त्या स्वयंपाकीणबाईंनाही मदत मिळाली. त्यांनी सही केली आणि त्या निघून गेल्या. मुलगी मात्र शाळेत परतली नाही.

वाचकहो, गरजू बाईकडे पुरावा मागण्याआधी एकदा स्वतःला विचारा : तो पुरावा आपल्याच हातात अडकलेला नाही ना? कारण उशिरा आलेल्या शहाणपणाने आपलं मन हलकं होतं, पण एखाद्या मुलीचं गेलेलं वर्ष काही परत येत नाही.