काचेपलीकडचा बाप

ब्रेडन क्रॉसिंग या गावाच्या वेशीवर जी पाटी उभी आहे, तिच्यावर गावाच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत 'गार्थ एस्पेलँड यांचे गाव' असे रंगविलेले आहे. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दुपारी ओरेस्ट डॅनिलियुकची गाडी तिच्यापाशी आली, तेव्हा कडू औषध घेतल्यासारखे त्याचे तोंड झाले. गार्थ एस्पेलँडशी त्याचे काही वैर होते असे नव्हे. परंतु तो ज्याची पारख करण्यास निघाला होता तो मुलगा याच गार्थचा होता, आणि नामांकित बापांच्या मुलांविषयी ओरेस्टच्या मनात गेल्या वर्षापासून धास्ती बसली होती.

ओरेस्ट हा एका मोठ्या व्यावसायिक हॉकी संघाचा पारखी होता. साठी उलटून गेली तरी हिवाळाभर कॅनडातल्या सस्कॅचवानच्या बर्फाळ माळावरून गावोगावच्या रिंका, म्हणजे बर्फाची बंदिस्त मैदाने, पालथ्या घालायच्या, सतरा-अठरा वर्षांची पोरे निरखायची आणि त्यांतले कोण मोठेपणी उपयोगी पडेल हे सांगायचे, हा त्याचा व्यवसाय. दर उन्हाळ्यात ड्राफ्ट होतो. त्या दिवशी सगळे मोठे संघ आळीपाळीने एकेका मुलाचे नाव पुकारून त्याला आपलासा करतात. ओरेस्टच्या संघात अशी रीत होती की प्रत्येक पारख्याने वर्षातून एकाच मुलासाठी आपला शब्द टाकायचा, आणि ज्याच्यासाठी शब्द पडला त्याला संघ घेतल्याशिवाय राहत नसे. गेल्या वर्षी ओरेस्टने आपला शब्द एका विख्यात गोलरक्षकाच्या मुलासाठी टाकला होता. तो मुलगा ऑक्टोबरातच खेळ सोडून दंतवैद्यकी शिकायला निघून गेला. ज्या खेळात दात पडतात तो सोडून दात बसवण्याच्या धंद्यात गेला, म्हणून सगळे पारखी महिनाभर ओरेस्टला पाहून दातांवर बोट आपटीत होते.

त्या दिवशी सकाळीच त्याचा वरिष्ठ मॅकलीश याचा फोन आला होता.

"ओरेस्ट, आज संध्याकाळी यादी बंद करतोय. तुझं नाव काय ते सांगून टाक."

"एक सामना बघतो आणि सांगतो."

"कुणाचा?"

"एस्पेलँडच्या पोराचा."

"परत कुणाचा तरी पोरगा? हे बघ, या वेळी चुकलास ना, तर पुढच्या हिवाळ्यात घरी बसून बायकोच्या पिरोग्यांची पारख कर. उकळत्या पाण्यात कुठली करंजी फुटणार, कुठली टिकणार ते सांगत बस."

मॅकलीश हसत बोलला होता खरा, पण तो हसत बोले तेच खरे करी.

बर्फावरच्या हॉकीत बचावपटूची पारख सर्वांत कठीण. गोल करणाराचे गुण आंधळ्यासही दिसतात; बचाव करणाराचे गुण मात्र जे घडलेच नाही त्यात दडलेले असतात. गार्थ आपल्या काळी अकरा हिवाळे बचावपटू म्हणून गाजला, तो धडक देण्यासाठी. बाप दाराएवढा रुंद, आणि मुलगा त्या दाराच्या कडीसारखा बारीक. मुलगा कुणाला धडक देत नसे. तो रबरी चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, अलगद उचली, योग्य त्या गड्याकडे सरकवी आणि नामानिराळा होई. ओरेस्टने त्याला परगावच्या रिंकांवर पाहिले होते आणि तो त्याला फार आवडला होता. परंतु सर्व पारख्यांच्या तोंडी त्याच्याविषयी एकच तक्रार होती, आणि ती घरच्या रिंकवरची होती.

ती तक्रार सामना सुरू होताच समोर उभी राहिली. रिंकच्या उत्तर टोकाला प्रेक्षकांसाठी जागा नाही. गोलाच्या मागे संरक्षक काच, तिच्यामागे चिंचोळी वाट आणि मग भिंत. त्या वाटेत, कोपऱ्यात, आपला लांब काळा कोट घालून गार्थ एकटाच उभा होता. चकती त्या कोपऱ्यात घरंगळत गेली. ती आणायला मुलगा पाठमोरा धावला आणि त्याने मान वर करून काचेकडे, नेमके बापाकडे पाहिले. मग तो झटकन डावीकडे वळला. मागून चालून आलेला गडी रिकाम्या कठड्यावर आदळला.

"बघ, बघ!" शेजारी बसलेल्या रॉय फिस्क नावाच्या दुसऱ्या संघाच्या पारख्याने ओरेस्टला कोपर मारले. "बाबा, डावीकडे जाऊ का उजवीकडे? बाबा, शू लागली, जाऊ का?"

"पण गेला तर बरोबर ना," ओरेस्ट म्हणाला.

"गेला रे. पण मोठ्या संघात काय बापाला पिशवीत घालून नेणार? प्रत्येक वेळी वर बघतो. प्रत्येक वेळी! माझ्या यादीतून मी एस्पेलँडच्या पोराला काढलाय. तू घे, तुला मोठ्यांचे मुलगे आवडतात."

फिस्क थट्टेखोर होता, तरी डोळ्यांनी अधू नव्हता. मुलगा खरोखरच दर वेळी वर पाहत होता.

तीन डावांच्या त्या सामन्याच्या पहिल्या मध्यंतरात ओरेस्ट खाली उतरून गार्थला भेटला. दोघे तरुणपणी एक हिवाळा एकाच संघात होते, त्यामुळे बोलण्यात आडपडदा नव्हता. गार्थच्या हातातल्या कॉफीवर साय धरली होती.

"तू हल्ली इथे का उभा राहतोस रे? आधी तर वर बसायचास."

"मग सांगतो काय," गार्थ अभिमानाने सांगू लागला. "मागच्या वर्षापर्यंत वरच होतो. उन्हाळ्यात रिंक रंगवली, फीत माझ्याच हातून कापली. आणि मोसमाच्या पहिल्याच सामन्यात आमच्या पोराला याच कोपऱ्यात असा चेपला, असा चेपला, की त्याची आई उठून बाहेर गेली. दुसऱ्या सामन्यात तेच. म्हटलं, पोरगं बिचकलंय. मी खाली येऊन उभा राहिलो आणि एकदम फरक पडला. वर बघतो, मला बघतो आणि त्याला धीर येतो. बापाची किंमत असते, ओरेस्ट."

ज्या गोष्टीचा बापाला अभिमान, तीच गोष्ट मुलाच्या गळ्यातील धोंडा झाली होती.

"गार्थ, माझं ऐकशील? तिसऱ्या डावात तू वर जाऊन बस."

"का?"

"कारण सगळे म्हणतात तुझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही."

गार्थचा चेहरा पडला. "आणि त्याला लागलं तर?"

"लागलं तर लागलं. पण हे न बघता मी त्याच्यासाठी शब्द नाही टाकू शकत. आज संध्याकाळी मला नाव द्यायचंय."

गार्थने कॉफीवरची साय बोटाने बाजूला सारली. "तोंडाला टाके घालताना मी इतका घाबरलो नव्हतो," तो म्हणाला, आणि कबूल झाला.

दुसऱ्या डावात संघांनी बाजू बदलल्या आणि मुलगा दक्षिण टोकाला आला. तिथे प्रेक्षक अगदी काचेला नाक लावून दाटीवाटीने बसतात. गार्थ उत्तरेलाच होता, तरी मुलाचे काही अडले नाही. तो तसाच मान वर करी आणि तसाच निसटून जाई. ओरेस्टला हे थोडे विचित्र वाटले. मात्र त्याचे मन तिसऱ्या डावाकडे लागले होते, म्हणून त्याने त्यावर अधिक विचार केला नाही.

तिसऱ्या डावात मुलगा पुन्हा उत्तर टोकाला आला. गार्थ शब्द पाळून वर बसला होता आणि हातमोजा चावीत होता. चकती कोपऱ्यात गेली. मुलगा धावला, मान वर केली, आणि क्षणभर थबकला. त्या क्षणात पाहुण्या संघाचा रेड्यासारखा गडी मागून आला आणि त्याने मुलाला काचेवर भाकरीसारखे थापले. दुसऱ्या खेपेस तर चकतीही गेली आणि गोलही झाला. सामना बरोबरीत आला.

"झालं," फिस्क म्हणाला. "बाप उठला, दुकान बंद!"

वरून गार्थने अशा नजरेने पाहिले की ओरेस्टला आपल्या जागी बसवेना. हे सारे आपल्यामुळे झाले या विचाराने तो उठला आणि तडक त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मुलाच्या डोळ्यांत भीती आहे की नाही, एवढेच त्याला जवळून पाहायचे होते. भीती असेल तर निर्णय सोपा होता.

चकती पुन्हा कोपऱ्यात आली. मुलगा धावला, मान वर केली आणि त्याने थेट ओरेस्टकडे पाहिले. डोळ्यांत भीती नव्हती. ओळखही नव्हती. मग तो उजवीकडे निसटला, आणि तो रेडा काचेवर असा धडकला की ओरेस्टच दोन पावले मागे सरला. पुढच्या खेपेसही तेच झाले. त्याच्या पुढच्या खेपेस मुलाने निसटता निसटता अशी लांब चकती दिली की आघाडीच्या गड्याला समोर गोलरक्षकाशिवाय कुणी उरले नाही. गोल झाला. सारी रिंक पाय आपटू लागली.

ओरेस्ट मात्र स्तब्ध उभा होता. मी तर या मुलाचा बाप नव्हे, तो मनाशी म्हणाला. याला माझे नावसुद्धा ठाऊक नसेल. मग माझ्याकडे पाहून याला धीर कसा आला?

सामना जिंकून मुलगा ओल्या केसांनी, खांद्यावर थैला टाकून बाहेर आला, तेव्हा ओरेस्टने त्याला बोळातच अडवले आणि आपली ओळख सांगितली.

"एक सांग. शेवटी काचेमागे मी होतो. माझ्याकडे काय बघत होतास?"

"तुम्ही होतात?" मुलगा मनापासून चकित झाला. "मला वाटलं बाबाच आहेत. म्हणजे, तसं वाटलं पण नाही. काहीतरी काळं होतं एवढंच."

"काळं?"

"मागे काही काळं असलं ना, मिस्टर डॅनिलियुक, की काचेचा आरसा होतो. पाठीमागून कोण येतंय, किती जोरात, कुठल्या खांद्यावर, सगळं दिसतं. मान मागे वळवायला वेळ लागतो, तेवढ्यात चेपतात. दुसऱ्या गावांत काचेमागे माणसं असतात, चालून जातं. इथे भिंतीला पूर्वी नुसत्या जुन्या काळपट फळ्या होत्या. उन्हाळ्यात पांढरा रंग दिला आणि काच कोरी झाली."

"मग कुणाला सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो. पण त्या रंगाची फीत बाबांनीच कापलेली, आणि तेवढ्यात बाबा स्वतःच येऊन उभे राहिले. त्यांचा कोट एकदम मस्त आहे हो!" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "त्यांना सांगू नका हं. त्यांना वाटतं मला धीर येतो. त्यापायी कॉफी गार होऊ देतात."

"आणि काच कोरी असली की मार खातोस."

"आज खाल्लाच की," मुलगा हसला. "मान वळवून बघायची सवय करतोय. अजून नीट जमत नाही. जमेल."

ओरेस्टने आपला काळा कोट काढला, काचेमागच्या खिळ्याला अडकवला आणि रबरी बुटांनी घसरत, मुलाचा हात धरून, तो बर्फावर गेला. मुलाने त्याला कोपऱ्यात तोंड करून उभे केले आणि आपण दूर गेला. प्रथम ओरेस्टला काचेत केवळ स्वतःचे पोट दिसले. मग त्या पोटाच्या डाव्या अंगाने, लहानाची मोठी होत, एक सडपातळ आकृती घसरत येताना दिसली, आणि म्हाताऱ्याने चटकन उजवीकडे पाय उचलला. तो आपटला, ही गोष्ट वेगळी. बर्फ साफ करण्याचे यंत्र घेऊन आलेला माणूस भोंगा वाजवीत ओरडला, "ए बाबांनो, खेळ संपला, घरी जा!" पण ओरेस्ट बसल्या जागी हसत होता. इतकी वर्षे त्याने काचेतून पाहिले होते; काचेत काय दिसते हे पाहण्याची बुद्धी त्याला झाली नव्हती, फिस्कला झाली नव्हती, आणि अकरा हिवाळे खेळलेल्या गार्थलाही नाही.

बाहेर गार्थ गाडी सुरू ठेवून वाट पाहत होता. ओरेस्टला लंगडत येताना पाहून तो पुढे झाला.

"सांग. माझ्यामुळे गेलं ना पोराचं?"

मुलगा बापाच्या मागे उभा राहून डोळ्यांनी विनवीत होता. ओरेस्टने खोटे बोलायचे नाही असे ठरवले, आणि तशी गरजही पडली नाही.

"गार्थ, तू तिथे उभा राहिला नसतास ना, तर या पोरात काय आहे ते मला जन्मात कळलं नसतं."

गार्थने एवढ्या मोठ्याने नाक शिंकरले की शेजारच्या गाडीतला कुत्रा भुंकला.

ते दोघे निघून गेल्यावर ओरेस्टने गाडीत बसून मॅकलीशला फोन लावला.

"इव्हर एस्पेलँड," तो म्हणाला.

"सगळे सांगतात, तो बापाला विचारल्याशिवाय हलत नाही."

"त्याने या मोसमात बापाकडे एकदाही बघितलेलं नाही," ओरेस्ट म्हणाला, आणि त्याने कोटापासून पोटापर्यंत सारे सांगितले. पांढऱ्या भिंतीपुढे त्याला कसा मार बसतो, हेही लपवले नाही.

"मी चौदा वर्षं बचावाला खेळलो," मॅकलीश शेवटी पुटपुटला. "मान वळवून वळवून मानेचे मणके गेले. हे सतरा वर्षांच्या पोराला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बघून बघून शिकला."

"आणि उद्या मोठ्या रिंकवर?"

"आपल्याकडे काचेमागे छतापर्यंत माणसं बसतात. आणि मान वळवायला तो शिकतोय."

"तुझा शब्द?"

"माझा शब्द."

कागद सरकल्याचा आवाज आला. मग मॅकलीश म्हणाला, "आडनाव काय, मला पाठ आहे. पहिल्या नावाची अक्षरं सांग."

ओरेस्टने ती एकेक करून, सावकाश, नीट ऐकू जातील अशी सांगितली.