ठिपकेवाले ढेकूण

‘ढेकूण मोजते’ म्हटलं की लोक आधी माझ्या गादीची चौकशी करतात. दोन वर्षं मी जळगावच्या वन-उद्यानात, तीन सावरींच्या झाडांखालचे लाल ढेकूण मोजतेय आणि दोन वर्षं तेच तेच सांगतेय: हे चावत नाहीत हो, पाचोळ्यात राहतात, गळालेल्या बियांवर जगतात. वैताग आलाय नुसता.

त्यात उद्यान समितीला तिथला पाचोळा काढून पेव्हर ब्लॉक बसवायचेत. मी आडवी गेले, तर समितीचे पारसभाऊ म्हणाले, “नूतनताई, असे आहेत तरी किती? पंधरा दिवसांनी सोमवारी मीटिंग आहे, आकडा आणा.”

आकडा आणायचा म्हणजे मे महिन्याच्या उन्हात गुडघ्यांवर बसून दोनशे ढेकणांच्या पाठीवर पांढरा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं. आठ दिवसांनी पुन्हा पकडायचे. शंभरात दहा ठिपकेवाले निघाले, तर एकूण अंदाजे दोन हजार.

दोनशे ठिपके दिले आणि आठ दिवसांनी, रविवारी सकाळी बसले पकडायला. पहिला ठिपकेवाला. दुसराही. विसावाही. साठ पकडले, साठच्या साठ ठिपकेवाले! म्हणजे उद्यानात एकूण दोनशेच? हे ऐकून पारसभाऊ त्याच दिवशी ब्लॉकचा ट्रक बोलावतील.

तेवढ्यात भागाबाई आली. असोद्याची, इथे माळीकाम करते. हातात तेलाचा डबा, डब्यात रॉकेल घातलेलं पाणी आणि वर लाल थर.

“ताई, किती उन्हात बसता तुमी! चार दिवस येचले मी. बठ्ठे साफ. रॉकेल घरून आनलं.”

कपाशीत असंच वेचतात, मला माहीत आहे. पण इथे कपाशी आहे का? मी ओरडलेच. “मग ठिपकेवाले कशाला ठेवले?”

“ते कसे येचीन? रंग लावेल बकरी ज्याची त्याची राह्यते. ते तुमचे.” आता तीही चिडली. “जिंदगीत एक ढेकूण जिता नही सोडला मी. तुमच्यासाठी सोडले.”

मी डोक्याला हात लावला. मग दुसरं काय करणार, डबा चाळणीत ओतला आणि दोघी मोजत बसलो. मोजता मोजता तिला सगळं सांगितलं, आकडा कशाला हवा आणि ब्लॉक कुठे बसणार तेही. दुपारी शेवटचा मोजला. मेलेले अठराशे बेचाळीस, त्यात माझे जिवंत दोनशे मिळवले की दोन हजार बेचाळीस. अंदाज नाही, पक्का आकडा. इतक्या वर्षांत असा कोणाला मिळाला नसेल.

भागाबाईने चाळणी झटकून बाजूला ठेवली.

“मंग उद्या हाच आकडा सांगसान?”

“हाच. खरा आहे.”

“आन आता किती राह्यले, असं इचारलं तं?”

तिच्यावर पुन्हा ओरडणार होते; पण राहिलेले दोनशे तिनेच सोडले होते.