मैमुनाबींचं आमीन

शोभनाला खोटं बोलायची हौस नव्हती. अवघड प्रश्न आला की चटकन काहीतरी सांगून मोकळं व्हायची तेवढी सवय होती.

शारजातल्या तिच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडची मुनिबा राहायची. आवाज असा, की शोभनाने तिला आपल्या कोरसमध्ये नेलं तेव्हा तिथल्या बाईंनी तिला लगेच एकटीने गायच्या ओळी दिल्या. दर बुधवारी दोघी शोभनाच्या गाडीतून दुबई मरीनाला प्रॅक्टिसला जायच्या आणि ट्रॅफिकमध्ये अडकल्या की तिथेच गाऊन घ्यायच्या. या वर्षीची रचना आजच्या काळातली, शब्द मात्र मध्ययुगातल्या लॅटिन कवितांचे. देवाधर्माचा त्यात संबंध नाही. वसंत, प्रेम, आणि मधोमध एक दणदणीत गाणं: गुत्त्यात बसलेले लोक दिसेल त्याच्या नावाने पेला उचलतात आणि जुगारात अंगातला सदराही हरतात.

एकदा दोघी मुनिबाच्या घरी गात असताना तिच्या सासूबाईंनी, मैमुनाबींनी, विचारलं, "काय गाता गं हे?"

मुनिबा गप्प झाली. बुधवारी छोट्या रेहानला त्याच सांभाळायच्या. त्यांनी नाही म्हटलं की कोरस खलास.

"प्रार्थना आहे, खाला," शोभना म्हणाली. "जुनी, लॅटिनमधली."

"नाव त्याचंच घेता ना? मग गा."

त्या दिवसापासून गाणं सुरू झालं की मैमुनाबी टीव्ही बंद करायच्या, डोक्यावर ओढणी घ्यायच्या, रेहानला दटावायच्या. गुत्त्याचं गाणं तर त्यांचं फार लाडकं. शोभनाला आधी हसू यायचं, पुढेपुढे नजर चुकवावी लागायची.

मग रत्नागिरीत त्यांच्या धाकट्या भावाचं, खैरुद्दीनचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी त्यांनी शोभनाला बोलावून घेतलं. रडून डोळे सुजले होते. "माझी दुवा करून झाली. आता तुमची म्हणा."

शोभनाने मुनिबाकडे पाहिलं.

"माझ्याच्याने नाही होणार, ताई," मुनिबा हळूच म्हणाली. "प्रार्थना म्हणून तुम्हीच सांगितलंय."

शोभनाने वसंताचं गाणं सुरू केलं. "ही नाही, ती दुसरी," मैमुनाबी म्हणाल्या. तेव्हा तिने दारुड्यांचं गाणं होईल तितकं संथ करून, मान खाली घालून गायलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी ती शेवटपर्यंत गात राहिली. मैमुनाबींनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाल्या, "आमीन."

भाऊ बरा झाला. शोभनाला वाटलं, सुटले. पण मैमुनाबी खजुरांचा डबा घेऊन दारात आल्या आणि फोन पुढे केला. "यात रेकॉर्ड करून दे. खैरू रोज सकाळी लावणार आहे. सगळ्या मोहल्ल्यात सांगितलंय मी."

आता मात्र तिला चटकन काही सुचलं नाही.

"खाला, ती प्रार्थना नाही. दारू पिणाऱ्यांचं गाणं आहे. तुम्ही मुनिबाला कोरसला जाऊ देणार नाही असं वाटलं, म्हणून मी..."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "गाणं तर गाणं," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नांत बायका काय काय गातात, ते ऐकशील तर कान झाकशील. मी कशाला अडवलं असतं?" मग फोन ओढणीत गुंडाळत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी आमीन कशावर म्हटलं, शोभना?"

डबा मात्र त्या ठेवून गेल्या. तिच्याने तो उघडवेना.

बुधवारी ती गाडीत बसून राहिली. मुनिबा येणार नाही अशी तिची खात्रीच होती. पण मुनिबा आली, पट्टा लावून बसली.

"अम्मी म्हणाल्या, जा. रेहानला बघतायत."

"आणि काय म्हणाल्या?"

"मलाही बोलल्या, गप्प बसले म्हणून. गाण्याला काही हरकत नाही म्हणाल्या. फक्त शोभनाला सांग, आता आपल्या घरी येऊ नकोस."

पुढे नेहमीसारखं ट्रॅफिक लागलं. मुनिबाने तिची ओळ सुरू केली. पुढची ओळ शोभनाची होती. मुनिबा थांबली, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि शोभनाच्या तोंडून शब्द फुटला नाही.