सुयांच्या डब्याचा हेवा

मित्रांनो, मी वॉर्डातला एक जुना स्टीलचा ट्रे आहे. उलटी झेलताना रुग्णाच्या हनुवटीखाली नीट बसावे म्हणून कारखान्यात मला बाकदार घडवले. बारा वर्षे इंजेक्शने, कापूस, वापरलेल्या सुया, सारे मीच वाहिले. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "हा ट्रे नसेल तर माझा हातच चालत नाही." मी फुशारून जायचो.

मग भिंतीवर पांढरा डबा आला. जाड प्लास्टिकचा, तोंड एवढेसे. वापरलेली सुई थेट त्यातच टाकायची, असा हुकूम निघाला. त्याचे काम काय, तर आ वासून बसायचे! तरी कौतुक त्याचेच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका सकाळी वॉर्डात फार गर्दी होती. डबा होता पार दुसऱ्या टोकाला. घाईत मोठ्या सिस्टरांनी वापरलेली सुई माझ्यातच ठेवली आणि वर कापूस पडला. मी डब्याकडे बघून मनात म्हटले, 'अडलेच ना माझ्यावाचून?'

थोड्या वेळाने सफाईच्या मावशींनी मला धुवायला उचलले. मला रोज लखलखीत घासणाऱ्या त्याच. त्यांनी कापूस काढायला हात घातला.

"आई गं!"

हातमोज्यातून रक्त आले. सिस्टर धावल्या आणि सुई पाहून पांढऱ्याफटक पडल्या. ती सुई ज्याला टोचली होती, त्या रुग्णाला एचआयव्ही होता.

"मावशी, हात साबणाने धुवा. बोट दाबू नका. चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे!"

"नवऱ्याला काय सांगू हो?"

"खरं ते सांगा. चूक माझी आहे. हवं तर मी येते सांगायला."

तासाभरात लागण टाळणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. अठ्ठावीस दिवस त्या घ्यायच्या होत्या. मावशींना मळमळायचे, तोंडाला चव नसायची, तरी एकही गोळी त्यांनी चुकवली नाही. मला मात्र त्या चिमट्याने उचलू लागल्या, विंचू धरावा तशा.

काही महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट आला. लागण नव्हती! सिस्टर स्टुलावर बसून रडू लागल्या.

"आता कशाला रडता?" मावशी म्हणाल्या. "रडायचं माझं होतं, ते मी कधीच उरकलं!"

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? त्या डब्याचा हेवा मला अजूनही वाटतो. पण मावशींच्या हातापुढे माझा मान तो केवढा? वापरलेली सुई कुठेही ठेवू नका. आणि कधी टोचलीच, तर घाबरून लपवू नका, लगेच सांगा. सुया त्या डब्यालाच द्या. मी जळेन माझ्या जागी, माझ्या जळण्याने कुणाला काही टोचत नाही.